कंट्रोल-शिफ्ट-के

मंजुषा : तेरा घरांतून माझं पान पुसून झालं म्हणतोस. चौदावं कुणाचं राहिलं, ते तू सांगतोस की मी सांगू?

सत्यम : तुम्हाला माहीतच आहे ताई. शिवमचा लॅपटॉप.

मंजुषा : माझाच भाचा.

सत्यम : तो पुसायला तयार होता. पण करुणाताईंनी त्याच्या हातातून लॅपटॉप काढून घेतला. म्हणाल्या, राहू दे. पान पुसलं म्हणून बहिणीच्या पोटातलं थोडंच पुसणार आहे.

मंजुषा : बरोबर बोलली. लहानपणापासून बरोबरच बोलते ती.

मनकर्णाबाई : ए लेकरा, तुझ्या ताईला सांग, चहा ठेवलाय. उजव्या हाताला. कपाचा कान भिंतीकडं हाय.

सत्यम : ताई, चहा...

मंजुषा : ऐकलं. आईला सांग, घेते.

सत्यम : मावशी, ताई म्हणतात...

मनकर्णाबाई : मी बहिरी नाय.

सत्यम : पण तुम्ही दोघी एकाच खोलीत आहात.

मंजुषा : नऊ दिवस झाले. आधी दूधवाला होता मध्ये. मग खालच्या नजमाभाभी. त्या बिचाऱ्या जिना चढून येतात, इकडचं तिकडं सांगतात आणि रडून जातात. आज तू सापडलास.

मनकर्णाबाई : तिला सांग, आजच्या दिसाचाच तरास हाय. साडेपाचच्या सोयगाव गाडीला मी बसनार. भावाच्या घरी. पिशवी दाराशी ठेवलीय, पायात यायची, आधीच सांगून ठेव.

सत्यम : मावशी, असं एकदम?

मनकर्णाबाई : एकदम नाय. नऊ दिस झाले, तीच म्हनली की. आन तू मला एक सांग. तू शिकलेला हायेस. तिनं लिवलेलं तिच्या मशीनमधून तिनं पुसलं. मग ते शिवमपाशी कसं काय जित्तं राहिलं?

सत्यम : कसंय मावशी, हा जो ब्राउजर आहे ना, आपला 'पार', तो बाकीच्यांसारखा नाही. बाकीच्यात काय होतं, आपण लिहिलेलं कुठल्या तरी कंपनीच्या गोदामात जाऊन पडतं. मालक ती कंपनी. तिनं मनात आणलं तर ठेवणार, नाही तर फेकणार. पारमध्ये गोदामच नाही. आपण जे पान मंडळीत देतो, ते मंडळीतल्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसतं. मालक कुणीच नाही. म्हणजे सगळेच. लग्नाची पत्रिका वाटल्यासारखं. घरातली एक फाडली तरी वाटलेल्या थोड्याच परत येतात?

मनकर्णाबाई : मग तू घरोघर जाऊन पत्रिका माघारी आनायला लागलास व्हय?

सत्यम : हो. तेरा आणल्या.

मनकर्णाबाई : वाचून झालेल्या पत्रिका. काय उपेग?

मंजुषा : काही नाही. तरी मीच त्याला सांगितलं होतं जायला. सत्यम, ते सोड. माझं एक काम कर. ती यादी माझ्याकडून एकदा म्हणून घे.

सत्यम : कुठली?

मंजुषा : शॉर्टकटची. तूच रेकॉर्ड करून पाठवली होतीस ना आम्हा सगळ्यांना. आमच्यातल्या कुणाला माऊस चालत नाही, म्हणून पार कीबोर्डवरच चालला पाहिजे, असा हट्ट मीच धरला होता आणि तू ऐकलं होतंस. रोज सकाळी लावते ती. देवाच्या आधी तुझा आवाज. थांब.

(मंजुषाच्या फोनवर सत्यमचा आवाज : "कंट्रोल-शिफ्ट-एन, नवीन पान. कंट्रोल-शिफ्ट-के, पान फक्त आपल्यापाशी ठेवा. कंट्रोल-शिफ्ट-जे, पान मंडळीत द्या. जे म्हणजे जगाला द्या, असं लक्षात ठेवा.")

मंजुषा : जे जगाला. के काळजात. हे दुसरं माझं, वर्गातल्या पोरांसाठी केलं होतं. मला वाटायचं, झोपेत उठवलं तरी चुकणार नाही. आणि बघ. चाळीस वर्षांच्या आयुष्यात एकच पान काळजात ठेवायचं होतं, तेच जगाला दिलं.

सत्यम : ताई, होतं असं.

मंजुषा : हेच म्हणाला होतास तू ग्रुपवर. मी सगळ्यांची माफी मागितली, 'माझ्या बोटांच्या चुकीमुळे आपणा सर्वांना नको ते वाचावे लागले, क्षमस्व.' त्याच्याखाली तू लिहिलंस, 'काही हरकत नाही ताई, होतं असं.' आणि जोडलेले हात. माझा कॉम्प्युटर ते चित्रसुद्धा वाचून दाखवतो रे. 'जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात.' तीनदा. उद्यापासून मी रविवारचा वर्ग बंद करतेय.

सत्यम : काय?

मंजुषा : सहा पोरं आहेत. त्यातल्या बासितला सांगितलंय, दुसरं कुणी बघा. ज्या बाईला आपलं एक पान आपल्यापाशी ठेवता येत नाही, तिनं दुसऱ्यांच्या बोटांना वळण लावू नये.

सत्यम : नका असं करू ताई. त्या पोरांचं काय होईल?

मंजुषा : माझ्यापेक्षा बरं होईल. बासित तर परवा मलाच विचारत होता, 'मॅडम, आपने सच में के दबाया था ना?' मी म्हटलं, बाबा, आता काय दाबलं होतं ते देवालाच माहीत.

सत्यम : बासित तसं म्हणाला?

मंजुषा : का? तुझा आवाज का बसला?

सत्यम : नाही. चहा गरम होता. ताई, मी जरा मशीन घेऊ का तुमचं? एक अपडेट टाकून देतो. पाच मिनिटांचं काम. मग बघा, असा घोळ परत व्हायचाच नाही.

मंजुषा : घे.

सत्यम : हा बोलणारा आवाज थोडा वेळ बंद करतो. मला डोळ्यांनी पटापट होतं.

मंजुषा : कर. तुम्हा डोळसांना आमच्या आवाजाचा त्रासच होतो.

मनकर्णाबाई : लेकरा, जाताना मला स्टँडपोत्तर सोडशील का? तुझी गाडी हाय ना खाली?

सत्यम : हो मावशी. हे झालं की लगेच.

मंजुषा : नऊ.

सत्यम : अं?

मंजुषा : नऊ वेळा टॅब दाबलंस. त्या बटणाची स्प्रिंग ढिली आहे, वेगळं वाजतं ते. अपडेट तिसऱ्या टॅबवर आहे. नवव्यावर शॉर्टकटची यादी आहे. तिथं काय करतोयस तू?

सत्यम : चेक करतोय. सेटिंग नीट आहे का ते.

मंजुषा : हात काढ.

सत्यम : ताई, एक मिनिट...

मंजुषा : हात काढ कीबोर्डवरून. माझं मशीन आहे ते. आवाज चालू करते मी. बोल बाबा, तू तरी खरं बोल.

कॉम्प्युटर : शॉर्टकट. नवीन पान, कंट्रोल शिफ्ट एन. मंडळीत द्या, कंट्रोल शिफ्ट के. आपल्यापाशी ठेवा, कंट्रोल शिफ्ट जे. बदला, बटण.

मंजुषा : परत.

कॉम्प्युटर : मंडळीत द्या, कंट्रोल शिफ्ट के.

मंजुषा : हे तू आत्ता बदललंस?

सत्यम : ताई, ऐका ना...

मंजुषा : मी विचारतेय. हे उलटं तू आत्ता केलंस, की उलटंच होतं आणि तू सुलटं करायला बसला होतास?

सत्यम : उलटंच होतं.

मंजुषा : कधीपासून?

सत्यम : दिवाळीनंतर जी नवी आवृत्ती आली, तेव्हापासून. मीच बदललं.

मंजुषा : म्हणजे मी के दाबलं होतं.

सत्यम : हो.

मंजुषा : माझं बोट चुकलं नव्हतं.

सत्यम : नाही ताई.

मंजुषा : सांग परत.

सत्यम : तुमचं बोट चुकलं नव्हतं.

मनकर्णाबाई : काय म्हनतोय हा? नीट सांग रे. मला या इंग्रजी अक्षरांतलं काय कळत नाय.

सत्यम : मावशी, ताईंनी ते पान जगाला दिलंच नव्हतं. त्यांनी ठेवायचं बटण दाबलं. मी त्या बटणाचं काम बदलून ठेवलं होतं आणि त्यांना सांगितलं नव्हतं.

मनकर्णाबाई : का बदललंस? चांगलं चालू होतं ते?

सत्यम : चालू होतं.

मंजुषा : मग का? खरं सांग. तांत्रिक कारण सांगितलंस तर हा कप फेकून मारीन. नेम बरा आहे माझा.

सत्यम : पानं वाढत नव्हती. लोक लिहायचे आणि आपल्यापाशीच ठेवायचे. मंडळीत काही येतच नव्हतं. पारसाठी माझा सत्कार ठरला होता, तिथं मला सांगायचं होतं, आपल्या पारवर इतकी पानं झाली. के दाबायला सगळ्यांची सवय झालेली. म्हटलं, के वर 'मंडळीत द्या' टाकलं तर आपोआप वाढतील. ज्याला नको असेल तो वाचून बघेल. छापील तक्ता नवा केला मी. रंगीत. ग्रुपवर टाकला. लॅमिनेशन करून चार जणांना घरपोच दिला.

मंजुषा : तक्ता.

सत्यम : हो.

मंजुषा : रंगीत.

सत्यम : रेकॉर्डिंग परत करायचं राहिलं. उद्या करू, परवा करू करत. वीस मिनिटांचं काम होतं.

मंजुषा : आणि पान गेल्यावर मशीन काही बोललं कसं नाही? मी ऐकत होते. काही बोललं नाही ते.

सत्यम : हिरवी टिकली येते. कोपऱ्यात. तिला मी नाव द्यायला हवं होतं, म्हणजे तुमच्या आवाजानं वाचली असती. ते नाही दिलं.

मंजुषा : हिरवी टिकली आली होती आणि मला दिसली नाही. किती आंधळी बाई.

सत्यम : ताई, प्लीज.

मंजुषा : प्लीज काय? तुला कधी कळलं हे?

सत्यम : तुम्ही ग्रुपवर विचारलंत ना, 'मी के दाबलं तर पान गेलं कसं?' त्याच क्षणी कळलं. कपाळात गेलं एकदम. मी कंपनीत कँटीनला होतो. हातात ताट होतं.

मंजुषा : आणि तू लिहिलंस, 'ताई, तुमचं बोट चुकलं असेल.'

सत्यम : सत्कार चार दिवसांवर होता.

मंजुषा : त्या सत्कारात तुझी ओळख मी करून दिली. 'बजाजनगरच्या कामगार वस्तीतला, स्वतः शिकलेला, आमच्या बोटांना ज्याने डोळे दिले असा हा मुलगा.' असं म्हणाले मी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आदल्या दिवशी माफी मागितलेली बाई, चेहऱ्यावर पावडर लावून, तुझ्या खांद्यावर शाल टाकायला उभी होते. खांदा कुठे आहे ते कळेना, तर तू माझा हात धरून आपल्या खांद्यावर नेलास.

सत्यम : मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मंजुषा : अरेरे. शाल उबदार होती ना पण?

सत्यम : बोला ताई. मला बोलून घ्या.

मंजुषा : तुला बरं वाटेल म्हणून बोलू? नाही बोलणार. मला हिशेब लावू दे फक्त. तेरा घरी गेलास तू. दारात उभं राहून काय सांगितलंस?

सत्यम : पान पुसा म्हणून.

मंजुषा : का पुसा म्हणालास, सत्यम?

सत्यम : ताईंचं बोट चुकलं म्हणून.

मंजुषा : तेरा वेळा.

सत्यम : बारा. बासितच्या घरी नाही म्हणालो. त्याला आधीच कळलं होतं. त्यानं के दाबून बघितलं, त्याची कविता सगळ्यांना गेली. चार दिवसांपूर्वी त्यानं फोन केला, 'सर, मॅडम की गलती नहीं थी. आप बोलोगे या मैं बोलूं?' मी म्हटलं, मी बोलतो. म्हणून आज आलो.

मंजुषा : बोलायला आला होतास?

सत्यम : हो.

मंजुषा : मग टॅब कशाला दाबत होतास?

सत्यम : जिन्यात येईपर्यंत बोलणारच होतो. मावशींनी दार उघडलं, पिशवी दिसली. मग हिंमत गेली. म्हटलं, गुपचूप सगळं पहिल्यासारखं करून टाकू. के ला के, जे ला जे. मग बासित काहीही म्हणो, तुमच्या मशीनवर पुरावाच राहणार नाही.

मनकर्णाबाई : तोंड धुऊन ये रे पोरा. मोरीत पानी हाय. घाम सुटलाय तुला.

सत्यम : नको मावशी. असू दे घाम.

मनकर्णाबाई : माझी पोरगी नऊ दिस अन्नाला मोताद झाली. दोन घास खाती आन उठती. मी म्हनायची, जगात माझी अब्रू टांगलीस तवा बरं गोड लागलं, आता का घास उतरंना? तोंडावर नाय, भिंतीला म्हनायची. आन तू तिकडं शाल घेऊन हिंडतोय.

सत्यम : शाल कपाटात आहे मावशी. हात लावला नाही.

मंजुषा : तुझ्या शालीचं काय करायचंय मला? फोन काढ. ग्रुपवर सांग.

सत्यम : मी टाइप करून आणलंय. तीन ओळी आहेत. पाठवू?

मंजुषा : टाइप नाही. आवाजात. ज्या आवाजात खोटी यादी दिलीस त्याच आवाजात. चौघांच्या भिंतीवर लॅमिनेशन आहे, आमच्याकडे फक्त तुझा आवाज आहे. कर रेकॉर्ड.

सत्यम : मित्रहो, मी सत्यम. नव्या आवृत्तीत काही कारणांमुळे बटणांच्या रचनेत गफलत झाली होती...

मंजुषा : पूस.

सत्यम : काय चुकलं?

मंजुषा : गफलत झाली नव्हती. तू केलीस. आणि मित्रहो काय? सभा आहे का? सरळ बोल.

सत्यम : मी सत्यम बोलतोय. मंजुषाताईंचं बोट चुकलं नव्हतं. त्यांनी के च दाबलं होतं. के चं काम मी बदललं, आणि आवाजातली यादी बदलली नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी त्यांनाच चुकीचं ठरवलं. त्यांनी माफी मागितली, ती मी घेतली. तुमच्या घरी येऊन बारा वेळा खोटं बोललो. नवी यादी आज आवाजात पाठवतो. तोवर कुणी के दाबू नका. ... पाठवलं.

मंजुषा : गेलं?

सत्यम : गेलं. चौदा जणांना.

मंजुषा : आता ते परत येत नाही. बरं वाटतंय का?

सत्यम : नाही.

मंजुषा : बरं आहे. आलं बघ काहीतरी. लाव.

सत्यम : बासित आहे. 'सर, देर से बोले, मगर बोले. मॅडम, कल क्लास है ना?'

मंजुषा : त्याला सांग... नको. मी नंतर सांगेन.

सत्यम : ताई, आता करुणाताईंकडे मी परत जातो. खरं काय ते सांगतो. शिवमच्या लॅपटॉपवरचंही पुसून घेतो. म्हणजे कुठेच राहणार नाही.

मनकर्णाबाई : थांब जरा.

सत्यम : मावशी, पाच वाजून गेले. तुमची गाडी.

मनकर्णाबाई : गाडी जाईल, दुसरी येईल. महामंडळ काय बंद नाय पडलं. मला एक इचारायचंय. शिवमनं मला फोनवर वाचून दाखवलं, तर मागं करुणा रडत होती. निम्मं ऐकूच आलं नाय. निम्म्यावरच मी नऊ दिस अबोला धरला. आता पुसायच्या आदी मला ते सगळं ऐकायचंय.

सत्यम : शिवमला फोन लावू?

मनकर्णाबाई : त्याला कशाला? लिवनारी हितं बसलीय.

मंजुषा : सत्यम, आईला सांग...

मनकर्णाबाई : मंजे, मला सांग. त्याला नगं सांगू.

सत्यम : मी खाली थांबतो.

मनकर्णाबाई : बस तू. सगळ्या गावानं वाचलंय, तूच एकटा काय परका लागून गेलास. तूबी वाचलं असशील.

सत्यम : वाचलंय मावशी.

मनकर्णाबाई : मग बस. मंजे, वाच.

मंजुषा : आई, ते कुणासाठी लिहिलं नव्हतं. डोक्यात खूप दिवस फिरत होतं. लिहिलं की थांबेल असं वाटलं. इतकंच.

मनकर्णाबाई : कळलं ते. यानं सांगितलं ना आता. वाच.

मंजुषा : माझ्या मशीनवर नाही ते. पुसलं मी.

मनकर्णाबाई : तुला पाठ आसंल. तुला सगळं पाठ आसतं.

मंजुषा : "करुणाला बघायला पाहुणे आले त्या दिवशी आईने मला आतल्या खोलीत बसवले. पडदा ओढला. माझ्या हातात रेडिओ दिला आणि म्हणाली, कंटाळा आला तर हातात धरून बस, लावू नकोस. मी तेवीस वर्षांची होते. टेलिफोन ऑपरेटरची परीक्षा मी त्याच महिन्यात पास झाले होते. पेढे करुणाच्या पाहुण्यांसाठी आणले होते, त्यातलाच एक मला मिळाला."

मनकर्णाबाई : व्हय. त्यातलाच दिला.

मंजुषा : "पाहुणे अडीच तास बसले. मला खोकला आला तेव्हा मी तोंडात ओढणीचा बोळा धरला. मी कोणाला दिसत नव्हते, हे मला कळत होते. मलाही कोणी दिसत नाही, पण मी कधी कोणाला पडद्याआड बसवले नाही." ... पुढं अजून आहे. ते तुझ्या रागाबद्दल आहे. आणि हल्ली मला तुझा कंटाळा येतो, असंही आहे.

मनकर्णाबाई : वाच ना मग. शिवमनं तिथं फोन ठिवला.

मंजुषा : "आता आई म्हातारी झाली आहे आणि तिला मीच लागते. डॉक्टरकडे मीच नेते. ती माझा हात धरते, लोकांना वाटते ती मला धरून नेत आहे. कधीकधी मला वाटते, हात सोडून द्यावा आणि म्हणावे, आता तू बस आत. मग मला माझीच लाज वाटते." संपलं.

सत्यम : मावशी, पाणी देऊ?

मनकर्णाबाई : नगं. काय खोटं नाय त्यात. मी इतके दिस म्हनत होते, पोरीनं कायबाय जोडून लिवलं आसंल. एक अक्षर जोडलेलं नाय. तुझा बाप तवा गेलेला. मला वाटायचं, एकीच्या पायी दुसरीचं जमायचं नाय. आता सांगून काय फायदा? तवा डोस्कंच तेवढं होतं.

मंजुषा : मला माहीत आहे आई.

मनकर्णाबाई : तुला नाय माहीत. एक राहिलंय त्यात.

मंजुषा : राहू दे.

मनकर्णाबाई : नाय, ऐक. ए लेकरा, तूबी ऐक. पाव्हणे उठले. चपला घालायला लागले. त्यांच्यात एक म्हातारी होती, नवऱ्या मुलाची आजी. तिनं उंबऱ्यात मला इचारलं, बाई, तुम्हाला लेकी किती? मी म्हनले, ही एकच. सतरा वर्सं झाली. करुणालाबी ठाऊक नाय. कुनालाच नाय. लिवायचंच आसंल तर तेबी लिव, मंजे. मग ठिव नायतर वाट, तुझी मर्जी. अर्धं नगं लिवूस.

मंजुषा : ते मला ऐकू आलं होतं, आई. म्हणून तर लिहिलं नव्हतं.